देवावर प्रेम आणि शेजाऱ्यावर प्रेम : पंडिता रमाबाईंचं जीवन

आजचा शास्त्रभाग : मत्तय २२:३४-४० आणि लूक १०:२५-३७



आजचा शास्त्रभाग आपल्यातल्या बहुतेकांना संडे स्कूलपासून पाठ आहे. सगळ्यात मोठी आज्ञा कोणती, असा प्रश्न प्रभू येशूला विचारला जातो. विचारणाऱ्याला एकच आज्ञा हवी असते. प्रभू दोन देतो. देवावर पूर्ण मनाने, जिवाने, बुद्धीने प्रेम करणं ही पहिली. आणि दुसरी हिच्यासारखीच, शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम करणं. सगळं नियमशास्त्र आणि संदेष्टे या दोन आज्ञांवर टांगलेले आहेत, असंही तो सांगतो.

आपण मात्र या दोन आज्ञांचे दोन वेगळे कप्पे करतो. देवावरचं प्रेम रविवारच्या उपासनेत, वर्शिप टीममध्ये, पहाटेच्या प्रार्थनेत. शेजाऱ्यावरचं प्रेम नाताळच्या आधी ब्लँकेट वाटण्यात. मग वादही होतात. कुणी म्हणतं, नुसती समाजसेवा करून काय उपयोग, आत्म्याचं काय? कुणी म्हणतं, नुसत्या प्रार्थना करून काय उपयोग, भुकेल्याचं काय? दोन्ही बाजूंना वचनं सापडतात आणि वाद चालू राहतो.

या आठवड्यात मी पंडिता रमाबाईंची साक्ष पुन्हा एकदा सावकाश वाचून काढली. ही साक्ष त्यांनी स्वतः १९०७ साली लिहिली होती. वाचताना जाणवत राहिलं की हा वाद त्यांना बहुधा कळलाच नसता. त्यांच्या आयुष्यात या दोन आज्ञा एकमेकींपासून सुट्या करताच येत नाहीत. म्हणून आज वचनाचं स्पष्टीकरण थोडं बाजूला ठेवून त्यांचं आयुष्यच तुमच्यापुढे ठेवते. आपण मराठी ख्रिस्ती लोक त्यांचं नाव अभिमानाने घेतो, पण ‘केडगाव’ आणि ‘मुक्ती मिशन’ या दोन शब्दांपलीकडे आपल्याला त्यांच्याबद्दल फार कमी माहीत असतं.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलात. वडील अनंतशास्त्री डोंगरे, चित्पावन ब्राह्मण आणि संस्कृतचे मोठे पंडित. त्या काळी स्त्रीने संस्कृत शिकणं लोकांना मान्य नव्हतं. तरी अनंतशास्त्रींनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. लोकांचा विरोध झाला तेव्हा ते जंगलात जाऊन राहिले. पुढे लक्ष्मीबाईंनी आपल्या धाकट्या लेकीला शिकवलं. बारा वर्षांची होईपर्यंत रमाला भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत होते.

येणाऱ्या-जाणाऱ्या यात्रेकरूंना आणि विद्यार्थ्यांना जेवू घालता घालता अनंतशास्त्रींची जमीनजुमला संपली. रमा जेमतेम सहा महिन्यांची असताना कुटुंबाने आश्रम सोडला. तिला वेताच्या पेटीत घालून डोंगरावरून खाली आणलं गेलं. तेव्हापासून हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत राहिलं. देवळात बसून पुराण सांगायचं आणि ऐकणारे जे धान्य, पैसे, फुलं ठेवतील त्यावर गुजराण करायची, असं सारं चालू होतं.

मग मद्रास इलाख्यात १८७० च्या दशकातला तो भयंकर दुष्काळ आला. ज्यांच्याकडे स्वतःलाच खायला नाही ते पुराणिकाला काय देणार? मजुरी करण्याची सवय या कुटुंबाला नव्हती, आणि भीक मागायची लाज वाटत होती. आधी वडील गेले, काही महिन्यांत आई गेली, नंतर थोरली बहीण गेली. सगळे उपासमारीने आणि तापाने.

आईच्या मृत्यूची एक गोष्ट रमाबाईंनी सांगून ठेवली आहे. ती वाचून मी पुस्तक काही वेळ बाजूला ठेवलं. तिरडी उचलायला माणसं मिळेनात. स्मशान सुमारे तीन मैलांवर होतं. शेवटी दोन ब्राह्मणांना दया आली. दोन खांदे त्यांचे, तिसरा भाऊ श्रीनिवासचा आणि चौथी रमा. ती उंचीने इतकी लहान होती की तिरडी खांद्यावर घेतली तर एका बाजूला कलंडली असती. म्हणून तिने ती डोक्यावर घेतली आणि तशीच चालत गेली.

हा प्रसंग लक्षात ठेवा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

उरलेली दोघं भावंडं त्यानंतर हजारो मैल पायी चालली. उत्तरेत झेलम नदीच्या काठी एकदा इतकी थंडी होती आणि अंगावर पांघरूण नव्हतं, की त्यांनी वाळूत खड्डे खणले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून वाळू अंगावर ओढून घेतली. व्रतं चालू होती, तीर्थयात्रा चालू होत्या, पण मनातली श्रद्धा हळूहळू ओसरत चालली होती, असं रमाबाईंनी नंतर लिहिलं आहे.

१८७८ साली दोघं कलकत्त्याला पोहोचली आणि नशीब एकदम पालटलं. वीस वर्षांची एक मराठी मुलगी अस्खलित संस्कृत बोलते हे पाहून तिथले विद्वान थक्क झाले. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. मोठमोठ्या सभांमधून तिची व्याख्यानं होऊ लागली. पण १८८० मध्ये भाऊ श्रीनिवासही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. ते ब्राह्मण नव्हते, त्यामुळे लोकांनी नावं ठेवली. आसामातल्या सिल्चरला त्यांनी संसार मांडला. १८८१ मध्ये मनोरमा झाली. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तोच फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबू पटकीने गेले.

वय तेवीस, कडेवर तान्ही मुलगी, आणि विधवा. त्या काळात या तीन गोष्टी एकत्र आल्या की बाईचं काय व्हायचं ते वेगळं सांगायला नको.

सिल्चरच्या त्या घरात नवऱ्याच्या पुस्तकांमध्ये रमाबाईंना बंगाली भाषेतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं होतं. एक बॅप्टिस्ट मिशनरी घरी येऊन त्यांना पवित्र शास्त्र समजावूनही सांगत असत. ऐकायला बरं वाटत होतं, पण तेवढंच. म्हणजे देवाचं वचन घरात आलं होतं, हातात होतं, डोळ्यांखालून गेलंही होतं. ते मनात उतरायला अजून काहीतरी पाहणं बाकी होतं.

पतीच्या मृत्यूनंतर रमाबाई पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि त्यांच्या मित्रांनी त्यांचं स्वागत केलं. आर्य महिला समाजाची स्थापना झाली. त्याच वर्षी हंटर कमिशनपुढे साक्ष देताना त्यांनी स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात अशी मागणी केली. स्वतः डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी पैसे जमवून १८८३ मध्ये छोट्या मनोरमाला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. पुण्याच्या पंचहौदमध्ये काम करणाऱ्या सिस्टर्सच्या मूळ मठात, वाँटेज या गावी, त्यांची राहण्याची सोय झाली. ऐकू कमी येऊ लागल्यामुळे डॉक्टरकीचं स्वप्न मात्र तिथेच संपलं.

आता ती गोष्ट सांगते, ज्यासाठी मी आज हे आयुष्य निवडलं.

या सिस्टर्सचं लंडनमध्ये फुलहॅम भागात एक घर होतं. ज्या स्त्रियांना समाज ‘पतित’ म्हणतो आणि दारात उभं करत नाही, अशा स्त्रिया तिथे राहत होत्या. रमाबाईंना ते घर दाखवायला नेलं. त्यांनी पाहिलं की सिस्टर्स या बायकांना मायेने वागवतात, त्यांच्याबरोबर राहतात, त्यांची सेवा करतात. आणि कालपर्यंत रस्त्यावर असलेल्या त्याच बायका आज आजाऱ्यांची सेवा करताहेत. रमाबाई चक्रावून गेल्या. सगळा देश पालथा घातला होता, शास्त्रं पाठ होती, पण अशा बायकांवर कुणी प्रेम करतं हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

परत आल्यावर त्यांनी एका सिस्टरला विचारलं की तुम्ही लोक या बायकांसाठी एवढं का करता? सिस्टरने कुठलीही चर्चा केली नाही. तिने योहान ४ काढून विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. भर दुपारी एकटी पाण्याला आलेली ती बाई, पाच नवरे होऊन गेलेली. आणि तिच्याशी बसून बोलणारा, तिच्याकडे पाणी मागणारा, खऱ्या उपासनेचं गुपित तिला उलगडून सांगणारा प्रभू येशू. रमाबाई लिहितात की त्या वेळी त्यांना कळलं, हाच खरा तारणारा आहे. भारतातल्या दबलेल्या स्त्रियांना उभं करील तर हाच. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा आणि मनोरमाचा बाप्तिस्मा झाला.

मित्रांनो, क्रम लक्षात घ्या. सिल्चरला वचन हातात होतं. फुलहॅमला त्यांनी ते वचन जगताना पाहिलं. मग योहान ४ ऐकलं. शेजाऱ्यावरचं प्रेम पाहून त्यांनी विचारलं, हे येतं कुठून? आणि त्या प्रश्नाचं उत्तर त्यांना देवाच्या प्रेमापर्यंत घेऊन गेलं. आपल्या ऑफिसातल्या, कॉलेजातल्या लोकांना आपला विश्वास समजावून सांगताना आपण किती धडपडतो! पण आपलं वागणं पाहून आजपर्यंत कुणी आपल्याला विचारलंय का की तू असं का करतोस, तू असं का करतेस?

बाप्तिस्म्यानंतर रमाबाई आपलं डोकं चर्चच्या दारात ठेवून आत गेल्या नाहीत, हेही सांगायला हवं. वाँटेजच्या सिस्टर्सशी त्यांचे पत्रांतून पुष्कळ वाद झाले. क्रुसावर लॅटिन शब्द कशासाठी, आपल्या भाषेतले का नकोत, असं त्यांनी विचारलं. साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही. ख्रिस्त स्वीकारला म्हणजे इंग्रज व्हायचं, हे त्यांना कधीच पटलं नाही.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. गावोगाव व्याख्यानं दिली, ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक १८८७ मध्ये काढलं, आणि बाल-विधवांच्या शाळेसाठी मदतीचं वचन मिळवून परतल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई. याच गोदूबाईंशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला. त्याच आपल्या बाया कर्वे. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. तरी शारदासदनात त्यांना अन्न, शिक्षण आणि माया सगळं मिळालं. तिथे मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक होती.

मग वादळ उठलं. रमाबाई आपल्या खोलीत रोज प्रार्थना करायच्या आणि खोलीचं दार उघडं ठेवायच्या. काही मुली येऊन बसू लागल्या. काहींना ख्रिस्ताची ओढ वाटू लागली. पुण्यात गदारोळ झाला. ‘केसरी’तून कडक टीका झाली. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सन्मान्य लोक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. १८९३ मध्ये पालकांनी वीसपेक्षा जास्त मुली एकदम काढून नेल्या. पालकांचं दुःखही खोटं नव्हतं. त्यांनी विश्वासाने मुली ठेवल्या होत्या आणि त्या आपल्यापासून तुटतील अशी भीती त्यांना वाटत होती.

रमाबाईंपुढे दोन सोपे रस्ते होते. दार बंद करून प्रार्थना करायची, म्हणजे काम सुरळीत चाललं असतं. किंवा मग मुलींना बळेच प्रार्थनेला बसवायचं आणि लोकांच्या नाकावर टिच्चून मिरवायचं. त्यांनी दोन्ही केलं नाही. दार उघडंच राहिलं. यायचं तिने यावं, न यायचं तिने येऊ नये. देवावरचं प्रेम लपवून त्यांना लोकांवर प्रेम करता येत नव्हतं. आणि त्या प्रेमाची सक्ती केली तर ते प्रेमच राहणार नव्हतं.

याच सुमारास त्यांच्या आत आणखी एक गोष्ट घडली होती. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर, १८९१ च्या आसपास, त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण स्वतः ख्रिस्त अजून तेवढा सापडलेला नाही. तो शोध त्यांना गुडघ्यांवर घेऊन गेला आणि आपल्या पापांची क्षमा झाली आहे याचा आनंद त्यांना मिळाला. मला इथे एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या आधीच शाळा चालवत होत्या, विधवांना आसरा देत होत्या. म्हणजे दुसरी आज्ञा पाळणं चालू होतं. तरीही आत एक रिकामी जागा होती आणि ती त्यांनी कामाखाली झाकली नाही.

त्यानंतर पाच-सहा वर्षांतच, १८९६-९७ मध्ये, मध्य प्रांतात दुष्काळ पडला.

बातम्या येऊ लागल्या आणि रमाबाईंच्या डोळ्यांपुढे वीस वर्षांपूर्वीचं सगळं उभं राहिलं. उपाशी आई, बहीण, ती तीन मैलांची वाट. आपल्यासारख्याच मुली आत्ता तिथे रस्त्यावर मरताहेत, हे त्यांना सहन होईना. त्यांच्या हाताशी फारसा पैसा नव्हता. तरी त्या निघाल्या. दुष्काळी छावण्या पाहिल्या. तिथे उपाशी मुलींना फसवून नेणारे दलाल टपून बसलेले पाहिले. आणि सुमारे तीनशे बायका-मुलींना घेऊन आल्या. त्यात सगळ्या जातींच्या मुली होत्या. कितीतरी जणींच्या अंगात काही उरलं नव्हतं.

त्याच वेळी पुण्यात प्लेग आला. शहरात इतक्या लोकांना ठेवायला मनाई झाली. मग पुण्यापासून साठेक किलोमीटरवर, केडगावला, फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर गवताच्या झोपड्या आणि तंबू उभे राहिले. मुक्ती मिशनची सुरुवात अशी झाली. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत आज बसलात तर केडगाव स्टेशन लागतं. ते काम अजून तिथे चालू आहे. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या माणसांची संख्या जवळजवळ दोन हजारांवर गेली.

दोन हजार माणसांचा स्वयंपाक, कपडे, औषधं, शाळा! रमाबाई पहाटे लवकर उठून प्रार्थना करायच्या आणि मग दिवसभर या व्यवस्थेत असायच्या. मुलींना नुसतं जेवू घालून बसवलं नाही. विणकाम, शेती, गाईगुरं, तेलाची घाणी, छापखाना, शिकवणं, जिला जे जमेल ते शिकवलं. अंध मुलींसाठी मनोरमेने ब्रेल शिकून वर्ग सुरू केले. फसवल्या गेलेल्या आणि घराबाहेर काढलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघालं. फुलहॅममध्ये पाहिलेलं ते घर सोळा-सतरा वर्षांनी केडगावच्या माळावर उभं राहिलं.

१९०५ साली मुक्तीत संजीवन आलं. शेकडो मुली तासन्‌तास प्रार्थनेत रडत होत्या, स्तुती करत होत्या. त्याबद्दल आपण आवडीने ऐकतो. पण एक गोष्ट नजरेतून सुटते. त्या मुली दुष्काळातून उचलून आणलेल्या होत्या. आधी त्यांना भाकरी मिळाली होती, कुणीतरी अंघोळ घातली होती, जखमा धुतल्या होत्या. आणि संजीवनानंतर याच मुलींच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला बाहेर पडल्या. प्रार्थना आणि भाकरी एकाच अंगणात होत्या.

शेवटची सुमारे अठरा वर्षं रमाबाईंनी एका कामात घातली. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं पवित्र शास्त्र मराठीत आणायला घेतलं. मराठी बायबल तेव्हाही होतं. पण त्याची भाषा खेड्यातल्या, नुकती अक्षरं शिकलेल्या बायकांना जड जात होती. म्हणून साधी मराठी वापरायची असं त्यांनी ठरवलं. जरा विचार करा. ज्या बाईचं सगळं नाव संस्कृतमुळे झालं, जिला त्या भाषेने ‘सरस्वती’ केलं, ती आयुष्याच्या शेवटी संस्कृत शब्द गाळत बसली होती, का तर केडगावच्या कुठल्यातरी पोरीला देवाचं वचन स्वतः वाचून कळावं. हे देवावरचं प्रेम म्हणायचं की शेजाऱ्यावरचं? मला तरी वेगळं करता येत नाही.

छपाईही मुक्तीतल्याच बायका करत होत्या. खिळे त्याच जुळवायच्या. काम संपत आलं आणि जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. चाळीस वर्षांची होती. सगळ्यांना वाटलं होतं की मुक्तीचं काम पुढे तीच सांभाळणार. आईबाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता लेक. रमाबाई पुन्हा कामाला बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. पूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून आलं. ते पाहायला त्या नव्हत्या.

आता पुन्हा त्या तिरडीपाशी येऊ या. चार खांदे मिळत नव्हते म्हणून एका मुलीने आईला डोक्यावर नेलं होतं. माणसाचं असं काही झालं की दोन गोष्टी होऊ शकतात. एक तर तो कडवट होतो, माझ्या वेळी कोण आलं होतं म्हणतो. नाहीतर त्याला तशा माणसांची ओळख लगेच पटायला लागते. रमाबाईंच्या बाबतीत दुसरी गोष्ट झाली. दुष्काळात त्यांना कुणी नव्हतं, त्या दुष्काळातल्या मुलींच्या झाल्या. विधवा म्हणून त्यांना जागा नव्हती, त्यांनी विधवांसाठी जागा केली. त्यांना ऐकू कमी यायचं, अंधांसाठी त्यांच्याकडे वर्ग निघाले. देवाने त्यांच्या जुन्या जखमा पुसून टाकल्या नाहीत. त्या जखमांमधूनच त्यांना शेजारी दाखवला.

लूक १० मध्ये शास्त्री विचारतो की माझा शेजारी कोण? त्याला यादी हवी आहे, म्हणजे बाकीच्यांना वगळता येईल. प्रभू यादी देत नाही. वाटेवर पडलेल्या माणसापाशी थांबणारा एक शोमरोनी दाखवतो. रमाबाईंच्या आयुष्याने मला या गोष्टीचा एक सोपा अर्थ दिला. आपला शेजारी शोधायला फार लांब जावं लागत नाही. आपण स्वतः कुठे पडलो होतो ते आठवायचं. तिथे आज दुसरं कुणीतरी पडलेलं असतं.

तुम्ही नव्या शहरात एकटे आला होता का? मग तुमच्या पीजीत या महिन्यात आलेली मुलगी तुमची शेजारी आहे. नोकरी गेल्यावर फोन वाजायचे थांबले होते का? मग ऑफिसमध्ये ज्याला परवा कमी केलं तो तुमचा शेजारी. घरात आजारपण काढलंय? मग आपल्या मंडळीत आईला घेऊन रोज दवाखान्यात जाणाऱ्या त्या भावाला एका रात्रीची झोप मिळेल असं काहीतरी करा. भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या मुलीची फी भरायची राहिली असेल तर आधी ते विचारा, मग त्यांच्यासाठी प्रार्थना करा. किंवा आधी प्रार्थना करा, मग विचारा. क्रम कोणताही असू दे, एकावर थांबू नका.

आणि जे आधीच खूप सेवा करताहेत, दमले आहेत, त्यांच्यासाठी १८९१ मधल्या रमाबाई आहेत. काम चांगलं चाललेलं असताना त्या थांबल्या आणि स्वतःला विचारलं की मला ख्रिस्त भेटलाय का? पहिली आज्ञा पहिली आहे, याला कारण आहे. तिच्याशिवाय दुसरी फार दिवस चालत नाही. आपण आटून जातो.

आज स्वतःला विचारण्यासाठी :

१. माझ्या आयुष्यात मला कुणाची तरी सगळ्यात जास्त गरज होती तो काळ कोणता? त्याच परिस्थितीत आज माझ्या ओळखीचं कोण आहे?

२. माझ्या खोलीचं दार उघडं आहे का? म्हणजे माझं देवावरचं प्रेम मी लपवतो का, किंवा लादतो का?

३. या आठवड्यात मी नुसत्या प्रार्थनेवर किंवा नुसत्या मदतीवर कुठे थांबलो?

प्रार्थना : प्रभू येशू, विहिरीवर तू त्या स्त्रीपाशी बसलास, तसा आमच्यापाशीही बसतोस म्हणून तुझे आभार मानतो. आमच्या जुन्या दुःखांचा कडूपणा काढून घे आणि त्यातून आम्हाला आमचा शेजारी दाखव. तुझ्यावरचं आमचं प्रेम लोकांच्या भाकरीपर्यंत पोहोचू दे, आणि लोकांवरचं प्रेम आम्हाला पुन्हा तुझ्या पायांशी आणू दे. आमेन.

उद्या १ योहान ४ वर मनन करू. आज रात्री तो अध्याय एकदा वाचून ठेवा.